तानपुरा कुठे गेला?

गणपतीतला गाण्याचा कार्यक्रम. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका जुन्या वाड्याचा चौक, वर ताडपत्री, कारण भाद्रपदातल्या पावसाचा भरवसा नाही. बाईंनी बिहाग धरला होता, विलंबित तिलवाडा. मी मागे खांबाला टेकून लॅपटॉप सांभाळत होतो. मंडळाचं लाइव्ह प्रक्षेपण गेली काही वर्षं माझ्याकडे आहे, म्हणजे पहिल्या वर्षी कुणीच हात वर केला नाही आणि माझ्याकडे लॅपटॉप होता. तेवढ्यात पुण्याहून आत्याचा मेसेज आला: "अरे, तानपुरे आणायचे विसरलात की काय? बाई एकट्याच गातायत."

मी मान वर करून पाहिलं. बाईंच्या मागे दोन तानपुरे, दोन शिष्या, चौक त्या सुरांनी भरून गेलेला. मग हेडफोन लावला. आवाज स्वच्छ होता, भलताच स्वच्छ. पंख्याची घरघर नाही, मागच्या खुर्च्यांची कुजबुज नाही, आणि तानपुराही नाही. बाईंनी दमसास लावून धरलेला षड्ज शेवटाकडे विरत जायचा, जणू कुणी हळूच झाकण घालतंय.

झाकण मीच घातलं होतं. संध्याकाळी पंख्याचा त्रास होतो म्हणून मी नॉइज सप्रेशनच्या चौकोनात बरोबरची खूण केली होती. हल्लीचं नॉइज सप्रेशन न्यूरल नेटवर्कवर चालतं. माणसाचं बोलणं आणि त्यात मिसळलेले पंखे, इंजिनं, कीबोर्ड असे हजारो नमुने दाखवून त्याला शिकवलेलं असतं. आवाज आला की ते त्याचे खालच्या-वरच्या सुरांप्रमाणे पट्टे करतं आणि सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागाला एकदा ठरवतं, या पट्ट्यात बोलणं आहे का? नसेल तर पट्टा खाली. बोलण्याची खूण काय, तर चढउतार, मध्येच थांबणं, व्यंजनांचे ठोके. गोंगाटाची खूण काय, तर एकसारखं, न थांबणारं, न बदलणारं. आता सांगा, तानपुरा कुठल्या रकान्यात बसेल? यंत्राच्या हिशोबाने तानपुरा म्हणजे फार चांगल्या सुरात लावलेला पंखा.

यंत्र चुकलं असं मला म्हणता येत नाही. त्याला जे शिकवलं ते त्याने चोख केलं. चूक एवढीच की त्याला काय शिकवलंय हे मी न विचारता खूण केली. त्या रात्रीपासून मी या सॉफ्टवेअरांकडे एकाच प्रश्नाने बघतो: हे बटण दाबलं की काय टाकलं जाणार, आणि काय टाकायचं हे कुणी ठरवलं? लाइव्ह स्ट्रीमिंग हा मुळातच टाकण्याचा धंदा आहे. किती टाकतात ते ऐकलंत तर आश्चर्य वाटेल.

अडीचशे भागांतला एक

फुल एचडी चित्र म्हणजे १९२० गुणिले १०८०, सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला २४ बिट धरा. सेकंदाला २५ चित्रं. गुणाकार केला तर सेकंदाला १२४४ मेगाबिट. वाड्यातल्या नेटवरून वर चढतात फार तर १०, आणि त्यातले मी वापरतो ५. म्हणजे कॅमेऱ्याने पाहिलेल्या अडीचशे भागांपैकी एक भाग पुण्याला पोचतो. उरलेले दोनशे एकोणपन्नास लॅपटॉपमध्येच टाकले जातात, आणि आत्याला त्याचा पत्ता लागत नाही. हे ज्या करामतीने होतं तिला कोडेक म्हणतात.

कोडेकची मुख्य युक्ती साधी आहे. पूर्ण चित्र कधीतरीच पाठवायचं, बहुधा दर दोन सेकंदांनी एकदा. त्याला कीफ्रेम म्हणतात. मधल्या चित्रांसाठी फक्त काय बदललं एवढंच कळवायचं. मागचा पडदा हलला नाही, तर "पडदा होता तसाच" एवढा निरोप पुरतो. बाईंचा हात तानेबरोबर वर गेला, तर "हा तुकडा इतका वर सरकवा". शिवाय डोळ्याला न कळणारे बारकावे, म्हणजे सावलीतल्या रंगांच्या बारीक छटा, सरळ पुसून टाकायचे.

यात एक गोम आहे, ती मला आमच्या मखराने शिकवली. लाइटिंगवाल्याने गणपतीमागे एलईडीच्या माळा सोडल्या होत्या, पळणाऱ्या, लुकलुकणाऱ्या, दर सेकंदाला रंग बदलणाऱ्या. त्या माळांमुळे प्रत्येक चित्रात मागचं सगळंच बदलत होतं. कोडेककडे सेकंदाला पाचच मेगाबिट, त्यातला मोठा वाटा माळा खाऊन जायच्या आणि बाईंच्या चेहऱ्याला उरेल तेवढं मिळायचं. चेहरा मेणासारखा गुळगुळीत, शालूची जर गायब. मी नेटला दोष देत बसलो होतो. दुसऱ्या दिवशी माळेचं बटण दाबून ती स्थिर ठेवली आणि त्याच नेटवर, त्याच लॅपटॉपवर शालूचे काठ मोजता येऊ लागले. विसर्जनाला गुलाल उधळला की चित्राचे चौकोन का होतात, त्याचंही उत्तर हेच. उधळलेल्या गुलालाचा प्रत्येक कण हलतो, आणि "होतं तसंच" म्हणण्यासारखं चित्रात काही उरत नाही.

आज सगळीकडे चालणारा कोडेक म्हणजे एच.२६४, हा २००३ सालचा. त्यानंतर २०१३ साली एचईव्हीसी आला. तेवढ्याच दर्जाला निम्म्याच्या आसपास बिट लागतील, हा त्याचा दावा. पण त्याच्या पेटंटच्या मानधनाची भानगड फार. त्याला कंटाळून गूगल, नेटफ्लिक्स, ॲमेझॉन, मोझिला वगैरे मंडळींनी एकत्र येऊन २०१८ साली एव्ही१ हा मानधनमुक्त कोडेक काढला. मग तो लाइव्हमध्ये यायला इतका उशीर का झाला? कारण रस्ता जुना होता. लॅपटॉपवरून चित्र वर चढवायला जी आरटीएमपी नावाची पद्धत सर्रास वापरतात, ती फ्लॅश प्लेयरच्या काळातली. फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाला, पण त्याने बांधलेला रस्ता आपण अजून तुडवतोय. त्या रस्त्यावरच्या नाक्यावर एच.२६४ च्या पुढच्या गाड्यांची नोंदच होत नव्हती. २०२३ साली आरटीएमपीची सुधारित आवृत्ती आली, नाक्यावर नवे नंबर लिहून घेऊ लागले, आणि ओबीएसच्या २९.१ आवृत्तीपासून यूट्यूबकडे एचईव्हीसी आणि एव्ही१ पाठवता येऊ लागलं. (ओबीएस म्हणजे लाइव्ह करणाऱ्यांपैकी बहुतेक जण वापरतात ते फुकट, खुलं सॉफ्टवेअर, २०१२ पासूनचं.)

माझं मत विचाराल तर मंडळवाल्यांनी यासाठी जीव टाकू नये. एव्ही१ चं काम तिथल्या तिथे उरकायला तशी चिप लागते, आणि ती २०२२ पासूनच्या ग्राफिक्स कार्डांत आहे. आमचा लॅपटॉप त्याआधीचा. त्याला एव्ही१ करायला सांगणं म्हणजे म्हाताऱ्या तबलजीला अतिद्रुत लयीची फर्माईश करणं. आम्ही अजून एच.२६४ वरच आहोत. पैसे असतील तर आधी माइक घ्या.

आणि आवाजाला कंजुषी करू नका. चित्राला पाच हजार किलोबिट देणारे लोक आवाजाला १२८ देऊन मोकळे होतात. गाण्याच्या कार्यक्रमात आवाज ३२० करा, चित्रातून तेवढे कापा. कुणालाही कळणार नाही. तानपुऱ्याच्या जवारीला मात्र कळेल.

नेट अडखळलं तर

लष्कराच्या बोळांत विसर्जनाच्या दिवशी एकाच टॉवरवर हजारो फोन लोंबकळत असतात. नेट जातच नाही, ते अडखळतं, आणि अडखळणं जाण्यापेक्षा वाईट. आरटीएमपी पद्धतीत डेटाचं एक पुडकं हरवलं की ते पोचेपर्यंत मागची रांग थांबते. दहीहंडीतला खालचा गडी अडला की वरचे सगळे लटकतात, तसं. रांग फार वाढली की सॉफ्टवेअर मधली चित्रं टाकून देतं, आणि पुण्यात बाईंचा हात हवेत गोठतो.

यावर एसआरटी नावाची पद्धत आहे. हैव्हिजन या कंपनीने ती काढली आणि २०१७ साली सगळ्यांसाठी खुली केली. तिचा विचार असा: आपण दोघांनी आधीच मुदत ठरवून घ्यायची, समजा दोन सेकंद. त्या मुदतीत हरवलेलं पुडकं पुन्हा मागवता आलं तर ठीक, नाही आलं तर सोडून द्यायचं आणि पुढे जायचं. गाडी कुणासाठी थांबत नाही. बाहेरगावाहून, मोबाइल नेटवरून स्टुडिओकडे चित्र पाठवणारे वृत्तवाहिन्यांचे लोक हीच वापरतात. मंडळाला लागेलच असं नाही, कारण पलीकडेही एसआरटी समजणारा कुणीतरी हवा.

मंडळाच्या खऱ्या उपयोगाची गोष्ट ओबीएसमध्ये २०१९ पासून आहे आणि कुणी हात लावत नाही. नेट तुंबलं की चित्रं टाकून देण्याऐवजी बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती बिट पाठवायचे तो आकडा, आपोआप कमी करायचा, मोकळं झालं की पुन्हा वाढवायचा. सेटिंगच्या प्रगत रकान्यात खाली कुठेतरी एक चौकोन आहे. त्याने चित्र काही वेळ धूसर होतं, पण गोठत नाही आणि आवाज तुटत नाही. धूसर बाई चालतात, तुटलेली तान चालत नाही.

आता उशिराबद्दल. कीर्तनात बुवा "बोला पुंडलिक वरदे" म्हणतात आणि कॉमेंटमध्ये "हरि विठ्ठल" उमटतं तेव्हा बुवा पूर्वरंगातल्या पुढच्या ओवीवर पोचलेले असतात. लोक विचारतात, एवढा उशीर का? ॲपलने २००९ साली एचएलएस ही पद्धत आणली. तिच्यात वाहतं चित्र लहान लहान फाइलींत कापतात. पूर्वी १० सेकंदांचा तुकडा, पुढे ६ सेकंदांचा. पाहणाऱ्याचा फोन असे दोन-तीन तुकडे शिल्लक ठेवून मगच दाखवायला सुरुवात करतो. तिथेच वीस-तीस सेकंद गेले. २०१९ साली याचीच कमी उशिराची आवृत्ती आली, तिच्यात तुकडा पूर्ण होण्याची वाट न पाहता त्याचे कण पाठवतात. आणि वेबआरटीसी, ज्यावर व्हिडिओ कॉल चालतात, ती सेकंदाच्या आत पोचवते. ओबीएसच्या ३० व्या आवृत्तीत, २०२३ च्या शेवटी, तो मार्गही आला.

पण कीर्तनाला त्याची गरज काय? ते वीस सेकंद म्हणजे आत्याच्या फोनमधली शिधोरी. बोळातलं नेट पाच सेकंद गेलं तरी तिच्याकडे खायला शिल्लक असतं. उशीर कमी करा म्हणजे शिधोरी कमी करा, आणि मग प्रत्येक अडखळीला चित्र अडखळणार. समोरासमोर प्रश्नोत्तरं असतील, शिकवणी असेल, तर घ्या तो पर्याय. गाण्याला नको.

एका सुधारणेसाठी मात्र मी ओबीएसवाल्यांना मनातून हात जोडतो. एमपी४ फाइलीची अनुक्रमणिका, म्हणजे कुठलं चित्र फाइलीत कुठे आहे त्याची यादी, रेकॉर्डिंग संपल्यावर शेवटी लिहिली जाते. मध्येच लाइट गेली तर हातात काही जीबीची फाइल राहते आणि ती कुठल्याच प्लेयरला उघडत नाही. पानं सगळी आहेत, बांधणी नाही. एका वर्षी आमच्याकडे भैरवी सुरू असताना लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली. तीन तासांचं गाणं असून नसल्यासारखं. २०२४ च्या ३०.२ आवृत्तीत हायब्रिड एमपी४ आलं. त्यात चालू असतानाच थोड्या थोड्या वेळाने यादी लिहीत जातात आणि शेवटी नेहमीसारखी एकसंध फाइल करून देतात. लाइट गेली तर शेवटचे काही क्षण जातील, बाकी वाचतं. शिवाय एक कळ ठरवून ठेवली तर चालू रेकॉर्डिंगमध्ये प्रकरणाची खूण टाकता येते. मी आता बिहाग संपला, ठुमरी सुरू झाली की कळ दाबतो. पूर्वी ठुमरी शोधायला दुसऱ्या दिवशी तासभर माऊस फिरवायचो.

मोजणारी सॉफ्टवेअरं

इथवर टाकणाऱ्यांची गोष्ट झाली. काय टाकलं गेलं हे मोजणारं दुसरं कुटुंब आहे, त्याला मीडिया ॲनालिसिस म्हणतात. नाव जड आहे, पण त्यातली पहिली पायरी ओबीएसमध्येच स्टॅट्सच्या चौकटीत असते. तिथे तीन आकडे दिसतात आणि त्यांतला कुठलाही चढला की चित्र अडखळतंच, म्हणून लोक तिघांना एकच समजतात. पहिला आकडा नेटमुळे टाकलेल्या चित्रांचा. दुसरा एन्कोडिंग मागे पडल्याचा, म्हणजे दाबून बारीक करण्याचं काम प्रोसेसरला झेपत नाही. तिसरा रेंडरिंग मागे पडल्याचा, म्हणजे कॅमेरा, पट्टी, लोगो एकत्र रचण्यातच ग्राफिक्सचा दम निघतोय. ताप सारखाच, आजार तीन. मी एक अख्खा उत्सव बिटरेट कमी कमी करत काढला, आणि वाढत होता दुसरा आकडा. लॅपटॉप गादीवर ठेवला होता, त्याच्या पंख्याची जाळी झाकली गेली होती. पाटावर ठेवला आणि रोग बरा.

पाहणाऱ्याच्या बाजूनेही मोजता येतं. संगणकावर यूट्यूबच्या व्हिडिओवर माऊसचं उजवं बटण दाबलं की "स्टॅट्स फॉर नर्ड्स" असा पर्याय येतो. काळ्या चौकटीत कोडेक, चित्राचा आकार, शिल्लक किती सेकंदांची, उशीर किती, सगळं दिसतं. कार्यक्रम चालू असताना आतेभावाला मी ती चौकट उघडून फोटो पाठवायला सांगतो. "नीट दिसत नाहीये" या तक्रारीपेक्षा तो फोटो लाखमोलाचा.

त्याच चौकटीत कंटेंट लाउडनेस नावाचा एक आकडा असतो. आवाज किती मोठा आहे हे मोजणं वाटतं तितकं सोपं नाही. मिक्सरवरचा काटा सर्वांत उंच उसळी दाखवतो, पण कान उसळी मोजत नाही, भर मोजतो. तबल्यावरची एक थाप काट्याला लाल करते, कानाला मात्र निवेदकाचं सलग ओरडणं जास्त टोचतं. म्हणून २००६ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने कानाच्या जवळ जाणारं एक मोजमाप ठरवलं. त्याचं एकक एलयूएफएस. युरोपातल्या प्रसारकांनी २०१० साली उणे २३ ही पातळी नेमली. यूट्यूबची साधारण उणे १४ च्या आसपास धरतात. त्याहून मोठा आवाज असेल तर ते खाली आणतात. लहान असेल तर आपण होऊन वर उचलत नाहीत, ही मेख.

मग लोक काय करतात? ऑटो गेन लावतात. आवाज लहान झाला की यंत्र उचलणार, मोठा झाला की दाबणार. ग्वाल्हेर गायकीत आलापाला मंद्रात उतरलेल्या बाई ताना घेताना तिन्ही सप्तकं हलवून सोडतात. ते चढणं-उतरणं हाच मामला. ऑटो गेन मंद्रातल्या शांततेला उचलून धरतो आणि तान आली की तिचं डोकं खाली दाबतो. दोन आवर्तनांमध्ये तानपुरा फुगतो, सम आली की आकसतो, दम्याच्या रोग्यासारखा. मी ते बंद ठेवतो. निवेदकाला वेगळा माइक आणि त्याच्यावर वेगळा लगाम. गाण्याला एक लिमिटर, तोही फक्त आवाज फाटू नये एवढ्यापुरता. आवाज थोडा लहान राहिला तर राहिला. आत्याच्या फोनला आवाज वाढवायची बटणं आहेत.

चित्राचा दर्जा मोजायला व्हीमॅफ आहे. नेटफ्लिक्सने २०१६ साली तो खुला केला. मूळ चित्र आणि दाबलेलं चित्र शेजारी ठेवून तो शंभरपैकी गुण देतो. गुण कसे द्यायचे हे त्याला माणसांच्या पसंतीवरून शिकवलेलं आहे. आधी खोलीभर लोक बसवून दाबलेली चित्रं दाखवली, त्यांनी दिलेले गुण घेतले, मग त्या गुणांशी जुळेल असं गणित बसवलं. मूळ चित्र हाताशी लागतं, म्हणून चालू कार्यक्रमात ते जमत नाही. मी दुसऱ्या दिवशी लॅपटॉपवर ठेवलेल्या चांगल्या रेकॉर्डिंगमधून अर्ध्या मिनिटाचा तुकडा घेतो, एफएफएमपेग या चित्र दाबणाऱ्या अवजाराने वेगवेगळ्या बिटरेटवर दाबतो आणि व्हीमॅफला दाखवतो. लुकलुकत्या माळेचा तुकडा आणि स्थिर माळेचा तुकडा त्याला दिले तेव्हा डोळ्याला दिसलं होतं तेच आकड्यात उतरलं. सरासरीवर मात्र विसंबू नका. गुलालाचे पाच सेकंद सरासरीत बुडून जातात, पाहणाऱ्याला तेवढेच आठवतात. आणि व्हीमॅफला कान नाहीत. तानपुरा गेला त्या रात्रीचं चित्र त्याला दाखवलं असतं तर त्याने उत्तम गुण दिले असते.

ऐकून लिहून घेणारी यंत्रं हा यातला सर्वांत नवा आणि सर्वांत मजेचा भाग. ओपनएआयने सप्टेंबर २०२२ मध्ये व्हिस्पर नावाचं मॉडेल खुलं केलं. ६ लाख ८० हजार तासांच्या ध्वनीवर शिकवलेलं, त्यात मराठीही आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या एफएफएमपेग ८.० मध्ये ते थेट जोडता येऊ लागलं, म्हणजे चित्र दाबणारं अवजारच खाली अक्षरंही लिहून देणार. हे ऐकून मी गेल्या कीर्तनाची फाइल त्याला घातली.

व्हिस्पर तीस-तीस सेकंदांचे घास घेतं आणि भाषा सांगितली नसेल तर पहिल्या घासावरून ठरवतं. आता ग्वाल्हेरात कार्यक्रमाची सुरुवात कशी होते? पाहुणे हिंदीभाषी, म्हणून स्वागत हिंदीत. पहिले तीस सेकंद "आदरणीय अतिथिगण". झालं, यंत्राने हिंदीची खूणगाठ बांधली. पुढचं सगळं नारदीय कीर्तन त्याने हिंदीच्या कानाने ऐकलं. टाळाचा ताल झाला, विठ्ठलाचा ठ कुठेतरी सांडला, "माझे माहेर पंढरी" चं जे झालं ते इथे लिहवत नाही. भाषा मराठी अशी आधी सांगून पुन्हा घातलं तेव्हा निरूपण बरंचसं ओळखू आलं. संस्कृत श्लोकात मात्र तो अंदाजपंचे दाहोदरसे.

गाण्याला त्याला लावूच नका. आलापात शब्द नसतात, पण लिहिणं हेच त्याचं काम, त्यामुळे काहीतरी लिहून मोकळा होतो. अशी मॉडेलं शांततेतसुद्धा वाक्यं रचतात, कारण शिकताना त्यांनी पाहिलेल्या व्हिडिओंच्या तळाशी तशा जागी "धन्यवाद", "पाहत राहा" असलं काहीतरी लिहिलेलं असायचं. बाई समेवर येऊन क्षणभर थांबल्या की खाली अक्षरं: धन्यवाद. माझा चुलतभाऊ म्हणाला, बरोबरच आहे, समेला दाद द्यायलाच हवी.

आवाजाचे ठसे ओळखणारी यंत्रणा यूट्यूबवर २००७ पासून आहे, कंटेंट आयडी नावाची. तिच्याविषयी एवढंच सांगतो की माणसं जमेपर्यंत स्पीकरवर जुनी भक्तिगीतं लावायची मंडळांची सवय असते, आणि हक्काचे दावे येतात ते त्या अर्ध्या तासामुळे. गाणं सुरू व्हायच्या आधी स्ट्रीम सुरूच करू नका. किंवा तानपुरे लावताना दाखवा. ग्वाल्हेरच्या माणसाला तेही ऐकायला आवडतं.

तर या वर्षी आम्ही तानपुऱ्यांना स्वतंत्र माइक दिला. नॉइज सप्रेशन फक्त निवेदकाच्या माइकवर, आणि तो बोलून झाला की त्याचा माइकच बंद. पंख्यांसाठी सॉफ्टवेअर शोधण्यापेक्षा पंखेच आलापापुरते बंद केले. थोडी कुरकुर झाली, पण पहिल्या रांगेतली जाणती मंडळी खूश. माळा स्थिर. लॅपटॉप पाटावर, दोन्ही बाजूंना दोन विटा, खालून वारा. आवाज ३२०. बाईंनी पुन्हा बिहागच घेतला.

कार्यक्रम संपून मी वायरी गुंडाळत होतो तेव्हा आत्याचा फोन आला. मेसेज नाही, फोन.

"ऐकू आला का तानपुरा?" मी विचारलं.

"आला तर," आत्या म्हणाली. "डावीकडच्याची जोडीतली एक तार मध्यंतरानंतर उतरली होती. त्या मुलीला सांग."